डीएनएच्या पेटीतून पेशीत औषध: बेळगावात बसून पहिला प्रकल्प कसा उभा करावा

मागच्या पावसाळ्यात वडगावची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, डीएनएची पेटी करून तिच्यातून औषध पेशीत न्यायचं. आपल्याकडे जमतंय की हे?" मी तिला सांगितलं ते असं: पेटी करणं जमतं, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर जमतं. अवघड आहे ते औषध खरंच पेशीत पोचलं हे दाखवणं. बहुतेक विद्यार्थी सहा महिन्यांतले पाच महिने पेटीवर घालवतात आणि पुराव्यासाठी शेवटचे तीन आठवडे उरतात. त्यानंतर तिच्यासारखी आणखी मुलं आली, खानापूरहून, चिकोडीहून. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एमएस्सी किंवा एमफार्मचा विद्यार्थी आहे. त्याच्या विभागात पीसीआरचं यंत्र आहे, जेल चालवण्याची सोय आहे, वर्णपटमापी आहे, आणि पेशीसंवर्धनाची खोली स्वतःची नसली तरी शेजारच्या संस्थेत आहे. बेळगावात एवढं मिळतं.

आधी कल्पना पक्की करा

डीएनएला आपण वंशाची पोथी म्हणून ओळखतो. इथे ती पोथी बाजूला ठेवायची आणि डीएनएकडे सूत म्हणून बघायचं. ए समोर टी, जी समोर सी, एवढा एकच नियम. दोन धाग्यांची अक्षरं जुळली की ते एकमेकांना बिलगतात. त्यांच्या पिळाची मापंही ठरलेली: जाडी सुमारे २ नॅनोमीटर, एका अक्षरजोडीची उंची ०.३४ नॅनोमीटर, आणि साधारण साडेदहा जोड्यांत एक वेढा पुरा. ज्या सुताची मापं इतकी पक्की, त्यातून आकार विणता येईल हे नेड सीमन यांनी १९८२ मध्ये मांडलं. २००६ मध्ये पॉल रोथमंड यांनी एम१३ या जिवाणूभक्षक विषाणूचा ७२४९ अक्षरांचा एकेरी धागा घेतला, दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांनी तो जागोजागी टाचला आणि शंभर नॅनोमीटरचे हसरे चेहरे घडवले. याला डीएनए ओरिगामी म्हणतात.

कागदाच्या घडीपेक्षा मला यात आपल्या वडगाव-शहापूरच्या मागाची आठवण जास्त येते. त्या मुलीच्या घरी माग आहे. मी फळ्यावर लांब धागा आणि आडवे टाके काढले तशी ती म्हणाली, "म्हणजे टाका चुकीच्या घरात पडला तर नक्षी फसणार." बरोबर. इथे फक्त टाका आपलं घर आपण शोधतो. आपलं काम अक्षरं अशी निवडण्याचं, की त्याला दुसरं घर सापडूच नये.

औषधासाठी हे उपयोगी का? या पेटीवर कुठल्या जागी काय बांधायचं हे आपण नॅनोमीटरच्या हिशेबाने ठरवू शकतो. बोस्टनमधल्या शॉन डग्लस, इडो बॅशले आणि जॉर्ज चर्च यांनी २०१२ मध्ये षट्कोनी पिंप केलं. त्याला डीएनएचीच दोन कुलुपं होती, आणि ठरावीक पेशीवरची ठरावीक प्रथिनं भेटली तरच ती उघडत. त्याच वर्षी उंदरांवरच्या एका प्रयोगात डीएनएच्या चतुष्फलकाला सायआरएनएचे, म्हणजे एखाद्या जनुकाचं काम बंद पाडणाऱ्या छोट्या आरएनएचे, सहा तुकडे लावले आणि त्यांच्या टोकांना फॉलिक आम्ल जोडलं. फॉलिक आम्लाचे रेणू तीनपेक्षा कमी असले तर काम होत नव्हतं, आणि ते कुठल्या दिशेला आहेत यालाही महत्त्व होतं. चरबीच्या थेंबात इतकी मोजदाद करता येत नाही.

पेटीच्या आधी मुक्काम ठरवा

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर आपण आधी गाव बघतो, मग गाडी. इथे मात्र मुलं आधी गाडी बांधतात आणि मग विचारतात, ही कुठे जाते?

डीएनएवर ऋण भार असतो, पेशीच्या आवरणावरही ऋण भार. त्यामुळे पेटी आवरण भेदून आत शिरत नाही. पेशीच तिला आवरणाच्या पुरचुंडीत गुंडाळून आत ओढते. ही पुरचुंडी म्हणजे एंडोसोम. बाहेरचा सामू ७.४, सुरुवातीच्या एंडोसोममध्ये तो सहाच्या थोडा वर, पुढे साडेपाचच्या आसपास, आणि शेवटी लायसोसोममध्ये ४.५ ते ५. तिथली विकरं डीएनए चिरून टाकतात. म्हणजे पेटीची गाडी एका ठरलेल्या मार्गावरूनच जाते, आणि शेवटचं स्थानक लायसोसोम आहे. मधेच उडी मारून पेशीद्रवात उतरणं फार थोड्यांना साधतं. लिपिड नॅनोकणांनी नेलेल्या सायआरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्के बाहेर पडतात, आणि तो या क्षेत्रातला सर्वांत यशस्वी वाहक आहे.

म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी माझं ठाम मत आहे: गाडी जिथे आपसूक जाते त्या गावचंच काम धरा. दोन कामं तशी आहेत. एक, एंडोसोमच्या आतला सामू मोजणं. यमुना कृष्णन यांनी बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत असताना २००९ मध्ये डीएनएचाच सामूमापक करून जिवंत पेशीत हे दाखवलं. आपल्याच राज्यात, रात्रीच्या गाडीने पोचता येईल इतक्या अंतरावर झालेलं हे काम आहे, आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं. दोन, सीपीजी नावाचे, म्हणजे एकाच धाग्यावर सी च्या लगेच पुढे जी असलेले, डीएनए तुकडे प्रतिकारपेशींना पोचवणं. जिवाणूंच्या डीएनएत ही लागून आलेली दोन अक्षरं जास्त असतात, आणि ती ओळखणारं टीएलआर-९ हे ग्राहक-प्रथिन एंडोसोममध्येच बसलेलं असतं. उडी मारायची गरजच नाही. पुढची सगळी पद्धत मी सीपीजी धरून सांगते.

डॉक्सोरुबिसिन, हे कर्करोगावरचं आपण होऊन लाल चमकणारं औषध, का नको, हे विचाराल. बहुतेक शोधनिबंधांत तेच दिसतं, मुलांनाही तेच हवं असतं. हा रेणू डीएनएच्या जोड्यांमध्ये आपण होऊन सरकतो, त्यामुळे भरायला सोपा. पण तो पेशीच्या आवरणातूनही आपण होऊन आत जातो. पेटी बाहेरच गळली तरी केंद्रक लाल चमकणार, आणि तुम्ही म्हणणार पेटी पोचली. शिवाय मॅग्नेशियम असलेल्या, सामू ८ च्या वर गेलेल्या द्रावणात दाट डॉक्सोरुबिसिन आपलेच गोळे करून तळाशी बसतं, आणि ते 'भरलं गेलेलं औषध' म्हणून मोजलं जातं. करायचंच असेल तर प्रत्येक वेळी डीएनए न घालता तेवढंच औषध तेवढाच वेळ ठेवलेली नळी शेजारी हवी. आणि ते पेशीनाशक आहे. हातमोजे, वेगळा कचरा, बेसिनमध्ये थेंबही नाही.

आकार: चतुष्फलकच घ्या

ओरिगामीचा मोह आवरा. दोनशे धागे मागवावे लागतात, एम१३ चा धागा जिवाणूंतून येतो म्हणून त्याबरोबर जिवाणूंचं अंतर्विष येतं, आणि तेच अंतर्विष प्रतिकारपेशींना चेतवतं. सीपीजीच्या प्रयोगात याहून वाईट भेसळ नाही.

चतुष्फलकाला चारच धागे लागतात. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू टर्बरफील्ड यांच्या गटाने २००५ मध्ये तो करून दाखवला. चार त्रिकोणी बाजू, सहा कडा. प्रत्येक धागा एका त्रिकोणाभोवती फिरतो आणि तीन कडांवर तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांशी जुळतो. कडेला २० जोड्या घेतल्या तर ती सुमारे ७ नॅनोमीटरची होते. तीन कडांची ६० अक्षरं आणि कोपऱ्यात वळायला मोकळी सोडलेली काही, असा ६३ अक्षरांचा धागा प्रचलित आहे. कोपऱ्यातलं ते मोकळं अक्षर विसरू नका, त्याच्याशिवाय सांधा वळत नाही.

अक्षरं स्वतः रचण्याआधी छापून आलेला, अनेकांनी वापरलेला संच घ्या. एनयूपॅक हे संगणक साधन मोफत आहे. त्यात चारही धागे टाकून दोन गोष्टी बघा: कुठला धागा स्वतःवरच दुमडतो का, आणि नको त्या जोडीला बिलगतो का. ओरिगामीचा नाद पुढे लागलाच तर तिचा आराखडा काढणारं कॅडनॅनोही मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

सीपीजीचा तुकडा एका धाग्याच्या टोकाला जोडूनच मागवा. मधे चार-पाच टी अक्षरांचा सैल दुवा ठेवा. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: बाजारात मिळणाऱ्या सीपीजीचा कणा बहुतेकदा गंधक घातलेला असतो. तो टिकाऊ असतो आणि कुणीही न नेता पेशीत जातो. तुम्हाला वाहकाचं काम सिद्ध करायचंय, तेव्हा साधा, नैसर्गिक कणा मागवा. आणि त्याच वेळी दुसरा धागा मागवा, ज्यात सी आणि जी ची अदलाबदल केलेली असेल. तो तुमचा खोटा माल. त्याच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. चमकरंग लावलेला धागा साध्यापेक्षा बराच महाग पडतो. तो एकच मागवा, तोही जेल नीट आल्यावर.

जुळवणी

कोरडे आलेले धागे उघडण्याआधी नळी अपकेंद्री यंत्रात फिरवा. भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि झाकण उघडताच उडते. १०० मायक्रोमोलर साठा करा, पण पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. २६० नॅनोमीटरला शोषण मोजून खरी संहती काढा. चार धाग्यांचं प्रमाण समसमान नसलं की अर्धवट आकार उरतात, आणि पहिल्या फसलेल्या जेलचं कारण बहुतेकदा हेच असतं.

१०० मायक्रोलिटरमध्ये प्रत्येक धाग्याचा १ मायक्रोलिटर, म्हणजे प्रत्येकी १ मायक्रोमोलर. द्रावण: २० मिलीमोलर ट्रिस, ५० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, सामू ८. मॅग्नेशियम कशाला? धाग्यांचे ऋण भार एकमेकांना ढकलतात, त्यांच्यामध्ये हे धन भार बसतात तेव्हाच कोपरा जुळतो. पीसीआर यंत्रात ९५ अंशांवर १० मिनिटं, मग झटकन ४ अंशांवर. ओरिगामीला कित्येक तास हळूहळू थंड करावं लागतं, इथे घाई चालते, उलट फायद्याची ठरते: प्रत्येक धागा आपल्या तीन शेजाऱ्यांना लगेच धरतो, दूरच्या चतुष्फलकाशी गुंतायला वेळच मिळत नाही.

जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. माझा एक संच ९५ अंशांवर असतानाच वीज गेली, यंत्र खोलीच्या गारव्यात आपल्या गतीने निवत गेलं, आणि जेलवर एकाऐवजी पाच पट्टे आले. तेव्हापासून यंत्र बॅटरीच्या जोडणीवर आहे. ती सोय नसेल तर शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं आणि बर्फाचा डबा तयार ठेवा. चार धाग्यांसाठी तेवढंही पुरतं.

जेलचे चार रकाने

६ ते ८ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं साधं, म्हणजे डीएनए न उलगडणारं जेल घ्या. चालवण्याच्या द्रावणातही मॅग्नेशियम हवं, आणि जेल थंड राहायला हवं. पहिल्या रकान्यात एक धागा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चारही. पट्टे जिन्यासारखे एकेक पायरी वर अडकत गेले पाहिजेत, आणि चौथ्या रकान्यात एकच ठळक पट्टा हवा. थेट चौथा रकाना दाखवून 'झाली पेटी' म्हणणारा फोटो मी स्वीकारत नाही. खाली धूसर पट्टे दिसले तर प्रमाण चुकलंय. वर विहिरीतच साचलं असेल तर संहती जास्त आहे, ती निम्मी करा. अणुबल सूक्ष्मदर्शीची सोय झाली तर उत्तम, नाही झाली तर अडू नका.

सीरमची परीक्षा

नळीतलं मॅग्नेशियम ५० मिलीमोलर, पेशींच्या संवर्धन-द्रावणात एकालाही कमी. शिवाय सीरममध्ये डीएनए चिरणारी विकरं. म्हणून पेशीकडे जाण्याआधी पेटी १० टक्के सीरम घातलेल्या द्रावणात ३७ अंशांवर ठेवा आणि ०, १, २, ४, ८, २४ तासांनी नमुने काढून एकाच जेलवर चालवा. सीरम ५६ अंशांवर तापवलेलं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ही विकरं तेवढ्याने पुरती मरत नाहीत. शेजारी एकेरी धाग्याचाही तसाच संच चालवा. पेटी त्याच्यापेक्षा किती वेळ जास्त टिकते, हा आकडा तुमच्या प्रबंधाचा कणा आहे. पेटी चार तासच टिकत असेल तर पेशींसोबत चोवीस तास ठेवण्याच्या प्रयोगाला अर्थ नाही. टिकाऊपणा वाढवायचा तर लायसिन या अमिनो आम्लाची छोटी साखळी आणि पीईजी हे पॉलिमर यांचा लेप देता येतो, पण पहिल्या प्रकल्पात एकच नवी गोष्ट पुरे.

पोचली, हे कशावरून?

इथे थांबून, दोन महिने राखून काम करा.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. सीपीजीसाठी उंदराच्या भक्षकपेशींची आरएडब्ल्यू २६४.७ ही ओळ सोयीची. सूक्ष्मदर्शीखाली पेशीत लाल ठिपके दिसले की मुलांचे चेहरे उजळतात. मला तो आनंद मोडायला आवडत नाही, पण विचारावं लागतं: लाल काय आहे? पेटी, की पेटीचा तुटून पडलेला रंग? बाहेर पेटी चिरली गेली, रंगाचं एखादं अक्षर सुटलं आणि तेवढंच आत गेलं, तरी ठिपके तसेच दिसतात. २०१९ मध्ये कॅनडातल्या हनादी स्लीमन यांच्या गटाने हेच काटेकोरपणे दाखवलं, आणि त्याआधीच्या कितीतरी चित्रांकडे पुन्हा बघण्याची वेळ आली.

म्हणून एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या पेशींवर हे सगळं लावा: नुसता रंग, रंग लावलेला एकेरी धागा, मुद्दाम विकराने चिरलेली रंगीत पेटी, आणि अखंड पेटी. चौथ्याचा प्रकाश पहिल्या तिघांपेक्षा स्पष्ट वेगळा असला तरच पुढे बोला. एक संच ४ अंशांवर ठेवा, त्या गारव्यात पेशी पुरचुंडी ओढत नाही. तिथेही ठिपके दिसले तर पेटी आत गेलेली नाही, बाहेर चिकटलीय. मोजण्याआधी डीएनेज हे डीएनए चिरणारं विकर घालून पेशी धुतल्या की बाहेर चिकटलेलं निघून जातं. लायसोसोम रंगवून दोन्ही रंग एकावर एक येतात का ते बघा. आपल्या प्रकल्पात ते यायलाच हवेत, कारण मुक्काम तोच आहे. आणि शक्य तोवर जिवंत पेशी बघा, फॉर्मलिनने पेशी थिजवताना माल जागचा हलू शकतो.

चित्रापेक्षा मोठा पुरावा कामाचा. माल पोचला असेल तर भक्षकपेशी टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही प्रथिनं बाहेर सोडतील, ती एलायझाने मोजता येतात. रकाने असे: काहीच नाही, रिकामी पेटी, खोटा माल लावलेली पेटी, तेवढाच मोकळा सीपीजी, आणि सीपीजीची पेटी. या सगळ्यांत सीपीजीची संहती समान धरा, पेटीची नव्हे. पेटीवर तीन तुकडे असतील तर मोकळ्या सीपीजीची मात्रा तिप्पट. ही चूक मी तपासलेल्या कितीतरी वह्यांत होती. रिकाम्या पेटीनेही टीएनएफ वाढला तर आनंदू नका, कुठूनतरी अंतर्विष आलंय. अंतर्विषाला धरून निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून पुन्हा करा: आकडा कोसळला तर दोष पाण्याचा किंवा नळ्यांचा. पूर्ण प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच दिवशी तीन खड्ड्यांत घातलं म्हणजे तीनदा केलं असं होत नाही.

परवानगीचं थोडक्यात: संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवूनच पेशींचं काम सुरू करा. प्राण्यांवरचे प्रयोग या टप्प्यावर नकोच.

रुग्णांसाठी विचारणाऱ्यांना

निपाणीकडच्या एका ओळखीच्या मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, आमच्या अप्पांना तोंडाचा कॅन्सर आहे. हे औषध मिळतंय काय वो कुठं?" तंबाखूच्या त्या पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचा आहे, म्हणून सरळ उत्तर देते. नाही. डीएनएच्या अशा पेटीतून दिलं जाणारं एकही औषध आज रुग्णांसाठी मंजूर नाही. उंदरांमध्ये आशादायक निकाल आहेत. २०१८ मध्ये डीएनएच्या नळीतून थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर नेऊन कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडून दाखवला गेला. पण रक्तात पेटी फार वेळ टिकत नाही, बराच भाग मूत्रपिंडात जातो, आणि माणसाला लागेल एवढा माल किफायतशीर दरात करणं अजून साधलेलं नाही. कुणी या नावाखाली उपचार विकत असेल तर पैसे देऊ नका. अप्पांची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार वेळेवर होणं, हे आज त्यांच्या हातातलं खरं औषध आहे. त्या मुलाला मी हेच सांगितलं, आणि सांगताना मला जड गेलं.

बाहेरची मदत मागताना

चांगला कॉन्फोकल किंवा अणुबल सूक्ष्मदर्शी लागेल तेव्हा पुणे किंवा बंगळूर गाठावं लागतं. गांधीनगरच्या आयआयटीतही डीएनए नॅनोरचनांवर सातत्याने काम चालतं. पत्र लिहायला भिऊ नका. मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजी कच्चं आहे, म्हणून मुलं लिहीतच नाहीत. चार साधी वाक्यं पुरतात: काय केलं, काय दिसलं, काय अडलं, किती तास यंत्र हवं. सोबत जेलचा फोटो जोडा, कातरलेला नको, पूर्ण जोडा, चारही रकाने आणि वरच्या विहिरी दिसतील असा. वडगावच्या त्या मुलीने तसंच केलं आणि दोन दिवसांत उत्तर आलं. त्यात पहिलाच प्रश्न होता, खोट्या मालाचा रकाना कुठे आहे? तो तिने चालवलेला होता. संध्याकाळच्या आत तिने त्याचा फोटो पाठवला.